पोटाची चव आणि जिभेची बदनामी

गेल्या महिन्यात आम्ही आमच्या वस्तीतल्या एका मावशींना घेऊन दवाखान्यात गेलो होतो. मावशींची पन्नाशी उलटलेली, कंत्राटावर झाडलोटीचे काम, पहाटेची पाळी. रक्तातली साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी कागदावरची नजर न उचलताच सुनावले, "तुम्हा लोकांचा जिभेवर ताबा नसतो." मावशी ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हेत. त्या म्हणाल्या, "जीभ कुठं मागतीय डॉक्टरसाहेब, पोट मागतंय." डॉक्टर हसले. दारापाशी रांगेत उभे असलेले आपले लोकही हसले. आम्ही मात्र घरी येऊन या विषयावर मिळेल ते वाचून काढले, आणि मावशी बऱ्याच अंशी खरे बोलल्या होत्या हे आमच्या ध्यानात आले.

चव फक्त जिभेला कळते असे आपण समजून चालतो. जिभेवरच्या रुचिकलिकांत काही खास प्रथिने असतात. गोड, कडू पदार्थाचा कण त्यांना चिकटला की मेंदूकडे निरोप जातो. या प्रथिनांना रिसेप्टर म्हणतात, आपण ग्राहक म्हणू. हा निरोप पुढे सरकवणारे गस्टड्यूसिन नावाचे प्रथिन अमेरिकेतील रॉबर्ट मार्गोल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली शोधले. चारच वर्षांनी, १९९६ मध्ये, जर्मन संशोधकांना तेच प्रथिन उंदराच्या जठरात आणि आतड्यात सापडले. पुढे गोड आणि कडू ओळखणारे ग्राहकही तिथे असल्याचे दिसून आले. म्हणजे घास गिळला की चाखणे संपते असे नाही. फरक एवढाच, की आतड्यातले हे चाखणे आपल्याला जाणवत नाही. पोटात गेलेला पेढा पुन्हा गोड लागत नाही.

मग आतड्याला चव हवी कशाला? त्यासाठी जरा मागे जावे लागेल. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एक चमत्कारिक गोष्ट दिसली होती. ग्लुकोज शिरेतून दिले तर शरीर जेवढे इन्सुलिन सोडते, त्यापेक्षा कितीतरी जास्त इन्सुलिन तेच ग्लुकोज पोटातून गेले तर सुटते. (आपल्याकडे अजूनही 'बाटली लावा' म्हणून डॉक्टरांच्या मागे लागणारे कमी नाहीत, त्यांनी हे जरूर वाचावे.) याचा अर्थ आतडे साखर नुसती पुढे ढकलत नाही. साखर आली हे ओळखून ते स्वादुपिंडाला आगाऊ वर्दी देते. ही वर्दी नेणाऱ्या संप्रेरकांपैकी एकाचे नाव जीएलपी-१. ते इन्सुलिन वाढवते, जठर सावकाश रिकामे करते आणि मेंदूला सांगते, पुरे आता.

२००७ साली मार्गोल्स्की, जोसेफिन इगन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की जीएलपी-१ सोडणाऱ्या आतड्यातल्या पेशींत जिभेवरचीच ही यंत्रणा आहे. ज्या उंदरांत गस्टड्यूसिन नव्हते, त्यांच्या आतड्यात ग्लुकोज घातले तरी ही वर्दी नीट गेली नाही.

२०२० मध्ये कोलंबिया विद्यापीठातील चार्ल्स झुकर यांच्या गटाने आणखी पुढची गोष्ट मांडली. गोड चवच न कळणारे उंदीरसुद्धा काही काळाने साखरेचेच पाणी निवडू लागतात! त्यांची जीभ त्यांना काहीही सांगत नसते. आतड्यातून निघालेला निरोप व्हेगस नावाच्या मज्जातंतूने मेंदूकडे जातो आणि ओढ निर्माण होते. या ठिकाणी गोडाचा ग्राहक लागत नाही, साखर पेशीत ओढून घेणारे दुसरेच प्रथिन कामाला येते, हेही त्यांनी दाखवले. पोट मागतंय, असे मावशी म्हणाल्या होत्या.

अर्थात उंदरावरून थेट माणसावर उडी मारणे हे विज्ञान नव्हे. सुक्रालोज हे कृत्रिम गोड माणसाच्या जठरात थेट सोडून पाहिले, तेव्हा जीएलपी-१ वाढलेले दिसले नाही. त्यामुळे माणसात या ग्राहकांचा वाटा नेमका किती, यावर वाद आहे. पण 'शुगर फ्री'च्या जाहिरातींना भुलणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोळ्या-पुड्यांवर विसंबू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे.

चवीवरून माणसाची प्रत ठरवण्याचा रोग मात्र आपल्या देशात जुना आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात कडू, आंबट, खारट, तिखट खाणारा राजस ठरतो आणि शिळे, उष्टे खाणारा तामस. शिळे आणि उष्टे कोणाच्या पदरात टाकले जात होते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. ज्यांनी ते टाकले ते सात्त्विक, आणि ज्यांना पोटासाठी ते खावे लागले ते तामस! दवाखान्यातल्या 'तुम्हा लोकांचा' या दोन शब्दांत तोच वास आम्हाला आला.

दुसरीकडे पाहा. याच संप्रेरकाची नक्कल करणारी इंजेक्शने आज बाजारात आहेत. त्यांतले टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा सर्वांत कमी मात्रेच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती, आणि आठवड्याला एक कुपी लागते. ते घेणाऱ्या श्रीमंताला कोणी जिभेवरून बोलत नाही. त्याला सांगतात की लठ्ठपणा हा आजार आहे, त्यात तुमचा दोष नाही. हे शास्त्राला धरूनच आहे. आमचे म्हणणे एवढेच, की हेच शास्त्र मावशींच्या केसपेपरलाही लागू करा. पथ्य त्यांनाही पाळावे लागेल, ते कोणालाच चुकलेले नाही. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. पण पथ्य सांगणे वेगळे आणि पाणउतारा करणे वेगळे.

येत्या सोमवारी मावशींची पुढची तारीख आहे. आम्ही बरोबर जाणार आहोत. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी केव्हा करायची, डोळे आणि पाय कधी तपासणार, हे वहीत लिहून ठेवले आहे. मावशींनी त्याखाली आपला एक प्रश्न घालायला लावला: पहाटे चारला झाडू घेऊन निघायचे, तर गोळी कधी घ्यायची आणि पहिला घास कधी?