‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणत शाळा दिव्यांग मुलाला नाकारू शकते का?

प्रवेशाच्या दिवसांत पालक शाळेच्या ऑफिसात जातात. मुलाला ऐकू येत नाही किंवा ते ऑटिस्टिक आहे, असं सांगतात. समोरून ठरलेलं उत्तर येतं, “आमच्याकडे तशी सोय नाही हो, तुम्ही स्पेशल स्कूल बघा.”

बोलणं गोड असतं, पण स्पेशल शाळा निवडायचा हक्क शाळेचा नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ सांगतं की, ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची साधी शाळा की विशेष शाळा, ही निवड मुलाची. कलम १६ मध्ये टक्केवारीची अट नाही. भेदभाव न करता प्रवेश, वापरता येईल अशी इमारत आणि गरजेप्रमाणे सोयी, असं त्यात म्हटलंय. मात्र मान्यताप्राप्त शाळांनी हे करावं यासाठी सरकारने ‘प्रयत्न करावा’, अशी त्याची मऊ भाषा आहे. पळवाट तिथूनच सापडते.

खासगी शाळांचं काय? २०१२ च्या दुरुस्तीनंतर आरटीईच्या २५ टक्के जागांमध्ये दिव्यांग मुलंही येतात. महाराष्ट्रात त्यांना उत्पन्नाची अट नाही. अल्पसंख्याक शाळा मात्र आरटीईतून वगळलेल्या आहेत.

प्रवेश मिळाला तरी मूल मागच्या बाकावर नुसतं बसून राहिलं, तर त्याला समावेशक शिक्षण कसं म्हणायचं? बऱ्याच सोयींना तर पैसेही लागत नाहीत. व्हीलचेअरवरच्या मुलाचा वर्ग दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणता येतो. कमी दिसणाऱ्या मुलासाठी शिक्षकांनी फळ्यावरचं मोठ्याने वाचलं तरी पुष्कळ. ओठांच्या हालचालींवरून समजून घेणाऱ्या मुलासमोर फळ्याकडे तोंड करून बोलू नये, एवढंच.

खरी अडचण विशेष शिक्षकांची आहे. एकच फिरता शिक्षक अनेक शाळांना पुरवला जातो, तोही बऱ्याचदा कंत्राटी. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिकला १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढच्या वर्गांना १५ मागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण ठरवलं. तरी मार्च २०२५ मध्ये कोर्टाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं, आधी पदं तरी जाहीर करा!

शाळेने नकार दिला, तर कारण लेखी मागा. गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे तक्रार करता येते. त्यापुढे पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.