नक्षीकाचेचे शोकेस करवून घेताना

भोपाळमध्ये भेल वसाहतीजवळच्या सोनागिरीत घर असेल, तर चांगले सागवान दूर नाही. सातपुड्यातले बोरीचे जंगल सागाचेच.

लाकूड : पूर्ण वाळलेलेच घ्या. ओले लाकूड पुढे आकसते, पल्ला वाकतो आणि काचेवर ताण येतो.

वजन : 5 मिमी जाडीची काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते. 45 बाय 120 सेंमीचा पल्ला असेल, तर नुसती काच पावणेसात किलोची. दोन नव्हे, तीन बिजागऱ्या लावा.

खाच : काच खाचेपेक्षा चारही बाजूंनी 2 मिमी कमी कापा. पावसाळ्यात लाकूड फुगते, त्याला जागा हवी. काच धरून ठेवणारी पट्टी खिळ्याऐवजी स्क्रूने बसवा; काच बदलणे सोपे जाते.

नक्षी : वाळूच्या फवाऱ्याने किंवा आम्लाने होते. हायड्रोफ्लोरिक आम्ल हाडापर्यंत इजा करते, घरी मुळीच वापरू नका. टफन काच हवी असेल, तर कापणे आणि नक्षी आधी, टफनिंग शेवटी.

बाजू : खरखरीत बाजू आत ठेवा. बाहेर ठेवली, तर बोटांचे तेलकट डाग तिच्यावर धरतात.