मुक्या जनावराच्या रक्ताची साक्ष

मुके जनावर आपले दुखणे सांगत नाही. उलट ते लपविते. कळपातील दुबळ्या जनावरावर श्वापदाची पहिली झडप पडते, ही रानातली शिकवण गाईगुरे गोठ्यात आल्यावरही विसरलेली नाहीत. गाईने वैरण टाकली, रवंथ करणे सोडले, म्हणजे धन्याच्या ध्यानात येते. तोवर रोग पुष्कळदा बळावलेला असतो. तिचे रक्त मात्र त्याआधीच साक्ष देऊ लागते.

शरीरात जंतू शिरले किंवा चाऱ्यातून गिळलेली तार पोटात टोचली, की तेथे दाह सुरू होतो. त्या जागच्या संरक्षक पेशी रक्तावाटे यकृताला रासायनिक निरोप धाडतात. निरोप पोचताच यकृत अल्ब्युमिनसारख्या नित्याच्या प्रथिनांची निर्मिती कमी करून निराळीच प्रथिने वेगाने बनवू लागते. यांनाच तीव्र-अवस्था प्रथिने म्हणतात. त्यांपैकी पहिले, सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात आढळले.

माणसाच्या रोगनिदानात उपयोगी पडणारे हे प्रथिन गाईच्या बाबतीत फारसे बोलके नाही. तिच्यात महत्त्व आहे ते हॅप्टोग्लोबिन आणि अमायलॉइड-ए यांना. निरोगी गाईच्या रक्तात हॅप्टोग्लोबिन जवळजवळ नसतेच. दाह झाला की एक-दोन दिवसांत ते अनेक पटींनी वाढते. फुटलेल्या तांबड्या पेशींतून सुटलेले हिमोग्लोबिन ते घट्ट धरून ठेवते. त्यातील लोहावर जंतूंचे पोषण होते. म्हणजे शत्रूची रसदच तोडली जाते. अमायलॉइड-ए कासेतही तयार होते. त्यामुळे दूध दिसायला चांगले असतानाही दडलेला कासदाह दुधाच्या तपासणीतून उमगू शकतो.

ही प्रथिने केवळ जंतूंमुळेच वाढतात असे नाही. वाहनातून लांबचा प्रवास, उपासमार, विण्याचे कष्ट यांनीही ती वाढलेली आढळतात. म्हणून झाशी आणि भोवतालच्या बुंदेलखंडासारख्या प्रदेशात या विषयाला विशेष अर्थ आहे. तेथे उन्हाळ्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, कुरणे करपतात, आणि ‘अन्ना’ प्रथेनुसार मोकळी सोडलेली जनावरे चारापाण्यासाठी भटकतात. कचऱ्यात तोंड घालणाऱ्या अशा गुरांच्या पोटात प्लॅस्टिक आणि तारखिळेही जातात. अशा जनावराच्या रक्तात हॅप्टोग्लोबिन वाढलेले दिसले, तर दोष जंतूंचा, खिळ्याचा की भुकेचा?

याचे उत्तर एकट्या प्रथिनाजवळ नाही. धूर दिसला म्हणजे कोठे तरी आग आहे एवढे कळते. कोणाचे घर पेटले ते कळत नाही. पशुवैद्याने ताप मोजावा, कास चाचपावी, गाय कधी व्याली ते विचारावे, आणि मगच त्या आकड्याचा अर्थ लावावा. औषधोपचारानंतर पुन्हा तपासणी करून आकडा उतरलेला दिसला, तर गुण येत आहे असे समजण्यास आधार मिळतो. नुसत्या आकड्यावर विसंबून प्रतिजैविके दिली, तर पैसा जातो, दूधही टाकावे लागते, आणि जंतू मात्र औषधाला सरावतात.

झाशी येथे 1962 साली गवताळ कुरणे व चारा यांच्या संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिचे कार्य रक्ततपासणीपासून दूरचे भासेल. पण ज्या गाईला वेळेवर चारा, पाणी आणि सावली मिळते, तिच्या यकृताला असे संकटाचे काम कमीच करावे लागते.