जुन्या सायकलीची ओळख

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या रस्त्यावर नशिराबाद हे गाव आहे. अशा गावांतील एखाद्या जुन्या घराच्या पडवीत काळी, उंच सायकल धूळ खात उभी असलेली आढळते. तिच्यावरून आजोबा बाजाराला गेलेले असतात आणि वडील शाळेला. परंतु ती कोणी व केव्हा घडविली, हे बहुधा घरात कोणासच ठाऊक नसते. ते सांगणाऱ्या खुणा मात्र सायकलीच्याच अंगावर असतात.

मराठी माणसाचा या वाहनाशी संबंध जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्या काळी सायकली विलायतेहून येत. पुढे देशात कारखाने उभे राहिले. १९५१ साली सोनीपत येथे ॲटलास व १९५६ साली लुधियाना येथे हिरो यांचा आरंभ झाला. तेव्हा पट्टीवर ॲटलासचे नाव असेल, तर ती सायकल १९५१ पूर्वीची नव्हे, एवढे निश्चित ठरते.

ही धातूची पट्टी हँडलखालच्या उभ्या नळीवर असते. सांगाड्याचा क्रमांक सीटखालच्या सांध्यावर किंवा पायडलांच्या आसाखाली कोरलेला असतो. रॅले सायकलीच्या दातेरी चक्रात बगळ्यांची मस्तके कोरलेली दिसतात. मागच्या चाकाच्या तुंब्यात स्टर्मी-आर्चर गिअर असल्यास त्यावर पुष्कळदा घडणीचे वर्षही छापलेले असते. मात्र चाक नंतर बदललेले असू शकते. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये. सर्व खुणा परस्परांशी जुळवून पाहाव्यात.

यासाठीच दुरुस्तीच्या आरंभी काचकागद हाती घेऊ नये. गंजाबरोबर सोनेरी रेषा, अक्षरे व कोरीव क्रमांकही झिजून जातात आणि गेलेली खूण पुन्हा मिळत नाही. प्रथम छायाचित्रे घ्यावीत, क्रमांक टिपून ठेवावेत आणि मग ओल्या फडक्याने धूळ पुसावी.

घट्ट बसलेल्या सांध्यांत तेल सोडून एक-दोन दिवस थांबावे. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. इतर स्क्रूंप्रमाणे ते डावीकडे फिरविल्यास अधिकच आवळले जाते. चाकांतील छर्रे काढताना मोजावेत. साधारणपणे पुढच्या चाकाच्या प्रत्येक बाजूस १० व मागच्या चाकाच्या प्रत्येक बाजूस ९ छर्रे असतात. ते रॉकेलने धुऊन, झिजलेले असल्यास बदलून, नव्या ग्रीसमध्ये बसवावेत.

जुने ते सर्वच राखावे, असे मात्र नाही. तडकलेले टायर आणि झिजलेले ब्रेकचे रबर बदललेच पाहिजेत. सांगाड्यास किंवा चिमट्यास तडा असल्यास जाणत्या कारागिराने तो तपासल्यावाचून सायकलीवर बसू नये. रंग आणि पट्टी ही घराची आठवण होय, ती जपावी. परंतु ब्रेकवर बसणाऱ्याचा जीव अवलंबून असतो; तेथे जुन्याचा मोह धरू नये.