नव्या नाटकाची उपलब्धता : संहिता, संमती आणि बोली

एखादे नवे नाटक हौशी मंडळांना 'उपलब्ध आहे' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या शब्दाने नेमके काय अभिप्रेत असते, ह्याचा विचार नाट्याभ्यासकांनी फारसा केलेला नाही. नाटक छापले गेले म्हणजे ते उपलब्ध झाले, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि मराठी नाटकाच्या इतिहासातच ह्या समजाला छेद देणारी उदाहरणे आहेत. महात्मा फुले ह्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक 1855 साली लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. कमिटीने ते नाकारले आणि ते छापून प्रसिद्ध होण्यास 1979 साल उजाडावे लागले. सव्वाशे वर्षे ते नाटक होते, पण कोणाही मंडळाला करता येण्यासारखे नव्हते. उलट विष्णुदास भावे ह्यांचे 'सीतास्वयंवर' 1843 साली सांगलीस रंगभूमीवर आले तेव्हा आजच्या अर्थाने त्याची संहिताच नव्हती. सूत्रधाराची पदे लिहिलेली आणि पात्रांची भाषणे बव्हंशी समयस्फूर्त, अशी त्या खेळांची रचना असे. पुढे विनायक जनार्दन कीर्तने ह्यांचे 'थोरले माधवराव पेशवे' (1861) आणि त्या वळणाची लिखित, मुद्रित नाटके आली, तेव्हा लोकांनी त्यांना 'बुकिश' हे विशेषण लावले. पुस्तकातून आलेले नाटक ही गोष्ट त्या काळी इतकी नवलाची होती की तिच्यासाठी वेगळा शब्द घडवावा लागला.

आजचे हौशी मंडळ मात्र सर्वस्वी 'बुकिश' व्यवस्थेत वावरते. वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीचे उदाहरण घेता येईल. विनोबा भावे 1932 च्या अखेरीस येथे येऊन राहिले आणि 1938 मध्ये पवनारला गेले. त्या काळातील ग्रामसेवा मंडळाच्या कार्यामुळे हे गाव सर्वपरिचित आहे. अशा गावातील तरुणांनी एखादे नवे नाटक बसवावयाचे ठरविले, तर त्यांच्या हाती प्रथम पडते ते पुस्तक किंवा टंकलिखित प्रत. आणि ती प्रत बहुधा मुंबई, पुणे किंवा नाशिक येथे, तेथील नटांच्या उच्चारांसाठी लिहिलेली असते. प्रत हाती येणे आणि नाटक हाती येणे ह्यांत त्यानंतर तीन टप्प्यांचे अंतर उरते : लेखकाची संमती, शासनाचे प्रमाणपत्र आणि नटाच्या जिभेवर बसणारी भाषा. पहिल्या दोहोंविषयी थोडक्यात सांगता येईल. तिसरा टप्पा अधिक गुंतागुंतीचा असून भाषाभ्यासकाचे खरे काम तेथे आहे.

संमतीचा प्रश्न वाटतो त्याहून सोपा आहे आणि कठीणही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजून, साठ वर्षांपर्यंत हक्क अबाधित राहतात. देवल, गडकरी, कोल्हटकर, खाडिलकर ह्यांची नाटके ह्या हिशेबाने केव्हाच मोकळी झाली. मामा वरेरकर 1964 साली निवर्तले, म्हणून त्यांची नाटके 1 जानेवारी 2025 पासून कोणासही करता येतात. अत्रे ह्यांच्यासाठी 2029 साल संपेपर्यंत थांबावे लागेल आणि तेंडुलकरांच्या बाबतीत ही मुदत 2068 च्या अखेरीपर्यंत जाते. म्हणजे जे 'नवे' ते जवळजवळ सर्व संमतीच्या कक्षेत येते. ह्याच कायद्याच्या 52 व्या कलमात हौशी मंडळांसाठी एक सवलत आहे, पण ती मंडळांच्या क्वचितच ध्यानी असते : प्रेक्षकांकडून पैसे न घेता, किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या लाभासाठी, हौशी मंडळाने केलेला प्रयोग हक्कभंग ठरत नाही. गणेशोत्सवात विनामूल्य होणारे नाटक ह्या सवलतीत बसते. तिकीट लावले की सवलत संपली. शिवाय ही सवलत प्रयोगापुरती आहे. नाटकाचे रूपांतर करण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो, आणि पुढे येणाऱ्या बोलीच्या प्रश्नाशी ह्या मुद्द्याचा निकटचा संबंध आहे.

प्रमाणपत्राची कथा निराळी आहे. 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्याने प्रयोग थांबविण्याचा अधिकार सरकारने घेतला; खाडिलकरांचे 'कीचकवध' (1907) 1910 मध्ये बंद करण्यात आले. स्वातंत्र्योत्तर काळात, 1954 साली, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ स्थापन झाले व संहिता आधी वाचून प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू झाली. 'सखाराम बाइंडर' (1972) ह्या नाटकातील मंडळाने सुचविलेल्या काटछाटीविरुद्ध कमलाकर सारंग ह्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि निर्णय त्यांच्या बाजूने लागला, हे सर्वश्रुत आहे. ह्या प्रकरणाच्या नैतिक बाजूचीच चर्चा अधिक झाली. भाषिक दृष्ट्या त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रमाणपत्र मिळते ते विशिष्ट शब्दांच्या संहितेला. मंजूर प्रतीबाहेरचा मजकूर रंगमंचावर येऊ नये ही त्या व्यवस्थेची अपेक्षा आहे. भाव्यांच्या खेळातील समयस्फूर्त भाषणाला अशा व्यवस्थेत जागा कशी मिळाली असती, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

ज्या वर्षी हे मंडळ आले त्याच वर्षी, 1954 मध्ये, राज्य नाट्य स्पर्धाही सुरू झाली. एका हाताने चाळणी धरावी आणि दुसऱ्या हाताने धान्य ओतावे, तसा हा योग होता. विदर्भ 1956 मध्ये मुंबई राज्यात आला आणि नागपूर, अमरावती, चंद्रपूर येथील केंद्रांतून येथील मंडळे स्पर्धेत उतरू लागली. नव्या संहितांची मागणी मराठीत ज्या गोष्टींनी वाढविली त्यांत ही स्पर्धा अग्रभागी आहे. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक (1963 पासून) आणि इतर एकांकिका स्पर्धांनी हेच कार्य महाविद्यालयांत केले. प्राजक्त देशमुख ह्यांचे 'संगीत देवबाभळी' हे आधी एकांकिका म्हणून स्पर्धांतून गाजले व मग व्यावसायिक रंगभूमीवर आले. प्रेमानंद गज्वी ह्यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका तर दोन पात्रे आणि नाममात्र नेपथ्य एवढ्यावर गावोगाव पोहोचली. मंडळाच्या ऐपतीला झेपणे हीसुद्धा उपलब्धताच होय.

आता बोलीकडे वळावे. वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाड, पूर्वेस नागपूर, आणि मधल्या पट्ट्यात नालवाडी. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (1905) वऱ्हाडी आणि नागपुरी अशी दोन नावे आली असली, तरी दोहोंतील सीमारेषा गावात उभे राहून दाखविता येणार नाही. ह्या पट्ट्यातील नटाला पुढील वाक्य बोलावयाचे आहे, असे समजू : 'तो शाळेत जात आहे, हे तुला कोणी सांगितले?' घरी तो हेच वाक्य साधारणतः असे बोलेल : 'थो शायेत जाऊन रायला, हे तुले कोनं सांगतलं?' ह्यांतील फरक एकाच प्रतीचे नाहीत. 'ळ'च्या जागी 'य' आणि 'ण'च्या जागी 'न' येणे हा उच्चाराचा फरक असून, प्रतीत एक अक्षरही न बदलता नट तो करू शकतो किंवा टाळू शकतो. 'तुला'चे 'तुले' होणे हा विभक्तिप्रत्ययाचा फरक आहे; तोही कानाला लगेच उमगतो. 'जाऊन रायला' हा मात्र क्रियाव्याप्तीचा फरक आहे. पुण्याच्या श्रोत्याला 'जाऊन राहिला' ह्याचा अर्थ 'गेला आणि तेथे मुक्काम केला' असा लागेल. वर्ध्याच्या श्रोत्याला 'ह्या क्षणी जात आहे' असा. वाक्य एक, काळ दोन. हिंदीच्या 'जा रहा है' ह्या रचनेशी असलेले तिचे साम्य उघड आहे.

नाटकात ह्याचा परिणाम केवळ अर्थापुरता राहत नाही. 'जात आहे' म्हणताना आघात कोठे येतो, पुढचे पात्र कोणत्या अक्षरावर वाक्य तोडते, हे संहिताकाराने आपल्या कानाने ठरविलेले असते. क्रियापद लांबले की तो हिशेब बदलतो. त्यामुळे मंडळापुढे दोनच वाटा उरतात : प्रमाण भाषा जशीच्या तशी उच्चारणे, आणि मग सबंध प्रयोगाला पाठांतराचा वास येणे; किंवा भाषा बदलणे, आणि मग ते रूपांतर ठरून लेखकाची निराळी संमती व प्रमाणपत्रासाठी नवी प्रत ह्यांची गरज पडणे. प्रत्यक्षात बहुतेक मंडळे तिसरी वाट काढतात. नायक-नायिका प्रमाण मराठी बोलतात आणि नोकर, म्हातारा किंवा विनोदी पात्र तेवढे बोलीत सोडून देतात.

ही वाटणी आजची नव्हे. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोले आणि विदूषक प्राकृत. पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीवरही गंभीर प्रवेश प्रमाण मराठीत आणि विनोद झाडीबोलीत, अशी रचना सर्रास आढळते. झाडीपट्टी येथे आणखी एका कारणासाठी विचारात घ्यावी लागते. वडसा (देसाईगंज) येथील मंडळ्या दिवाळीनंतरच्या हंगामात शंकरपट आणि मंडईच्या निमित्ताने रात्रभर नाटके करतात. दर हंगामास नवी नाटके येतात, ती बहुतांशी हस्तलिखित प्रतींवर चालतात आणि प्रॉम्प्टरच्या आधाराने रंगतात. ह्या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे ह्यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, पण तिच्या संहितांना ग्रंथालयात अद्याप जागा मिळालेली नाही. नालवाडीच्या मंडळाला मुंबईचे पुस्तक टपालाने मिळते. शेजारच्या जिल्ह्यांत शेकडो प्रेक्षकांपुढे झालेले नाटक मात्र मिळत नाही, कारण त्याची प्रत प्रॉम्प्टरच्या पिशवीत असते.

बोलीला विनोदाच्या कोठडीतून बाहेर काढणारे ठळक नाटक म्हणजे महेश एलकुंचवार ह्यांचे 'वाडा चिरेबंदी' (1985). धरणगावच्या देशपांडे घराण्यातील माणसे आपले दुःख, लोभ आणि भांडण वैदर्भी वळणाच्या भाषेत बोलतात, आणि तेथे त्या भाषेला कोणी हसत नाही. (लक्ष्मण देशपांडे ह्यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'ची येथे कोणास आठवण होईल, तर ते वऱ्हाड लग्नाचे आहे आणि बोली मराठवाड्याची.) गंमत अशी की, 'वाडा' करताना उलट अडचण उद्भवते : मुंबईचा नट ती भाषा शिकतो, आणि वर्ध्याचा नट, रंगमंचावर असे बोलावयाचे नसते ह्या संस्कारामुळे, नकळत ती 'सुधारतो'.

ही सुधारणा कोठे आणि किती होते, हे छापील पुस्तकावरून कळणार नाही. ते कळेल मंडळाच्या तालमीच्या प्रतीवरून : जेथे 'आहे' खोडून वर पेन्सिलीने 'हाय' लिहिलेले असते, जेथे प्रॉम्प्टरने श्वासाची खूण केलेली असते, जेथे एखादे वाक्य नटाला न जमल्यामुळे दुसऱ्याच पात्राला दिलेले असते. मराठी नाट्यभाषेचा इतिहास आजवर मुद्रित आवृत्त्यांवरून लिहिला गेला. तो रंगभूमीवर बोलल्या गेलेल्या भाषेचा इतिहास नव्हे. स्पर्धा संपली की ह्या प्रती बहुधा रद्दीत जातात. पदव्युत्तर विद्यार्थ्याने एका केंद्रावरील एकाच वर्षाच्या प्रती मंडळांकडून मागून घेतल्या आणि मंजूर संहितेशी त्या ओळीस ओळ लावून पाहिल्या, तरी कोणते प्रत्यय टिकले, कोणते खोडले गेले आणि 'जाऊन रायला' कोणाच्या तोंडी उरले, ह्याची पहिली विश्वसनीय नोंद तयार होईल.