बालेवाडीतली आठ वर्षं

संगमनेरहून देशातल्या अव्वल लीगचा फुटबॉल सामना बघायचा, तर नारायणगाव, चाकण ओलांडून बालेवाडी गाठणं हाच एकेकाळी त्यातल्या त्यात जवळचा रस्ता होता. शिवछत्रपती क्रीडानगरीतल्या त्या मैदानावर २००७ ते २०१५ या काळात पुणे फुटबॉल क्लब नावाची एक गोष्ट घडली. आज ती फारशी कुणी सांगत नाही.

अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये हा क्लब काढला आणि सुरुवात तेव्हाची अव्वल लीग असलेल्या आय-लीगच्या दुसऱ्या विभागातून केली. २००९ मध्ये तो वरच्या विभागात चढला. प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा, ज्यांच्या हाताखाली महिंद्रा युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकली होती. वरच्या विभागातल्या पहिल्याच हंगामात पुण्याने तिसरा क्रमांक पटकावला. डेम्पो आणि चर्चिल ब्रदर्स ही गोव्याची जुनी घराणी तेवढी पुढे राहिली. २०१२-१३ मध्ये तर पुण्याचा संघ उपविजेता ठरला. विजेतेपद चर्चिलकडे गेलं! २०१४ मध्ये हा संघ आशियाई क्लबांच्या एएफसी कपमध्ये खेळला आणि त्याच वर्षी ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्याच साळगावकरकडून हरला. आठ वर्षांच्या पोराने आणखी काय करायचं?

पण माझ्या मते क्लबची खरी कमाई त्याची अकादमी. वीस वर्षांखालच्या मुलांची राष्ट्रीय लीग तिने जिंकली. मुलं घडवायला वेळ लागतो आणि तेवढा धीर आपल्याकडच्या मालकांना क्वचितच असतो. इथे तो काही काळ होता.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, आली. पैसा, टीव्ही आणि परदेशी नावं तिकडे वळली. पुण्यातच कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगमध्ये उतरला आणि एका हंगामात तळाला जाऊन संपला. २०१५ मध्ये पुणे एफसीनेही सीनियर संघ बंद केला. महिंद्रा युनायटेड २०१०मध्ये असाच मिटला होता. पुणे एफसीचा निर्णयही एका दालनात झाला आणि प्रेक्षकांना वर्तमानपत्रातून कळलं.

संगमनेरच्या माणसाला हे जरा विचित्रच वाटणार. इथे साखर कारखाना असो वा दूध संघ, सभासद असतो. वार्षिक सभेत तो आरडाओरडा करतो, माइक हिसकावतो, पण त्याला न विचारता कुलूप लावणं सोपं नसतं. पुणे एफसीला प्रेक्षक होते, सभासद नव्हते. उलट कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ पेठांनी धरून ठेवलेत. तिथे खेळाचा दर्जा आय-लीगचा नसेल, पण शाहू स्टेडियम भरतं, आणि हरल्यावर पेठेत तोंड दाखवायची पंचाईत होते.

पुण्यात मात्र रिकामी जागा लगेच भरली गेली. डीएसके शिवाजीयन्सला २०१५-१६ च्या हंगामात आय-लीगमध्ये थेट प्रवेश मिळाला. प्रशिक्षक पुन्हा परेराच. दोन हंगामांत तोही संघ बाहेर पडला. पुणे एफसीची अकादमी २०१६ मध्ये आयएसएलच्या एफसी पुणे सिटीने घेतली. २०१७-१८ मध्ये पुणे सिटी उपांत्य फेरीपर्यंत पोचली आणि २०१९ मध्ये तिची लीगमधली जागा हैदराबादला गेली.