साडेबारा स्टोनचा भार आणि अर्नी पिगॉट

अर्नी पिगॉट (१८७८–१९६७) हा विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधल्या अडथळ्यांच्या शर्यती गाजवणारा जॉकी. १९१०, १९१३ आणि १९१५ या वर्षी तो तिथला अव्वल जॉकी ठरला. मात्र त्याचे मोठेपण कळते ते लिव्हरपूलजवळच्या एंट्री मैदानावर होणाऱ्या ग्रँड नॅशनलमध्ये.

ही शर्यत तेव्हा सुमारे साडेचार मैलांची, उड्या तीस. घोडा जितका सरस, तितके त्याच्यावर वजन अधिक. त्या काळी कमाल साडेबारा स्टोन, म्हणजे ७९ किलोंच्या आसपास. स्वार आणि खोगीर मिळून तेवढे भरले नाही, तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या सरकवतात. स्वार घोड्याच्या हालचालीबरोबर पुढेमागे झुकतो, पण शिसे हलत नाही. बेचर्स ब्रूक या अडथळ्यापलीकडची जमीन अलीकडच्यापेक्षा खोल. तिथे घोडा उतरताना स्वार मागे रेलतो आणि लगाम बोटांतून सरकू देतो. लगाम आखडला, तर घोड्याला मान लांबवून तोल सावरता येत नाही. एवढा भार वाहणाऱ्या घोड्याला तर अशी चूक मुळीच पेलत नाही.

१९१२ साली पिगॉटने जेरी एम या घोड्यावर साडेबारा स्टोनसह नॅशनल जिंकली. पुढे पहिल्या महायुद्धात एंट्री लष्कराच्या ताब्यात गेले आणि १९१६ ते १९१८ ही शर्यत गॅटविकला, आज जिथे विमानतळ आहे तिथे, भरवावी लागली. यांतली शेवटची शर्यत पिगॉटने पोएथलिनवर जिंकली. हा घोडा शिंगरू असताना इतका अशक्त होता, की सात पौंड आणि शॅम्पेनच्या एका बाटलीला विकला गेला होता. नंतर आधीच्या मालकांनीच तो परत घेतला. १९१९ मध्ये शर्यत एंट्रीला परतली, तेव्हा पोएथलिनवर साडेबारा स्टोन होते. तरीही पैजेचा भाव जेमतेम ११/४, म्हणजे तोच जिंकेल असा अंदाज. तो घोड्याच्या आठ लांबींनी जिंकला. एवढे वजन घेऊन नॅशनल जिंकणारे घोडे आजवर चारच, आणि त्यांतल्या दोघांवर पिगॉट होता. पुढच्याच वर्षी पोएथलिन पहिल्याच उडीला पडला.

पिगॉटची पत्नी मार्गारेट ही कॅनन या नामवंत जॉकी घराण्यातली. नऊ वेळा डर्बी जिंकणारा लेस्टर हा त्यांचा नातू. लेस्टरचे वडील कीथ हेही जॉकी, पुढे प्रशिक्षक. १९६३ साली त्यांनी तयार केलेल्या अयाला या घोड्याने नॅशनल जिंकली. अर्नी तेव्हा हयात होता. अयालाच्या पाठीवर होते दहा स्टोन, नियमाने कमीत कमी.